धाव संपलेल्या जिवाचे मोल

उपयोग आणि मोल हे दोन शब्द आपण व्यवहारात एकाच तागडीत घालतो. ज्याचा उपयोग त्याला मोल. उपयोग सरला की मोलही सरले, असा बाजाराचा न्याय आहे. भांड्याकुंड्याच्या बाबतीत तो खराही आहे. फुटकी घागर पाणवठ्यावर कोण नेईल? परंतु हाच न्याय जिवाला लावला म्हणजे काय होते, आणि तो लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मागील वर्षी तो आमच्यापुढे आला. त्यावर जे मनन झाले ते संतसज्जनांच्या चरणी ठेवीत आहोत.

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना खाडीचा पूल ओलांडला की कशेळी गाव लागते. एके काळी तेथे भातखाचरे होती. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी सामानाची दुकाने, पुढे काल्हेर-पूर्णेकडे गोदामांच्या रांगा आणि डोक्यावरून मेट्रोचे खांब. तरी गावात सप्ताह बसतो, वीणा उभी राहते, पंगती उठतात. तेथल्या सप्ताहात आमचे कीर्तन झाल्यावर साठीच्या घरातले एक माळकरी गृहस्थ पाया पडून बाजूला बसले. म्हणाले, ''बुवा, एक विचारायचं होतं. हसू नका.''

त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी नोकरीला आहे. त्याने तिकडे ग्रेहाऊंड जातीचा एक कुत्रा घरात आणला होता. कुत्रा शर्यतीतला; धावताना उजव्या मागच्या पायाचे हाड मोडले, ते सांधले, पण शर्यतीचे काम संपले. मुलाने त्याला सांभाळायला घेतले. घरात मऊ गादी, थंडीत अंगावर कपडा, पाय धरला की वैद्याकडे नेणे. इकडे आईला हे ऐकून राग आला. ''माणसाला मिळत नाही आणि कुत्र्याला गादी!'' असे तिचे म्हणणे. हे चालू असतानाच शेजारच्या घरचा शर्यतीचा एक खिल्लारी बैल खुब्यात दुखावला. मालकाने दोन महिने मलमपट्टी केली. मग कोणी टेम्पोवाला रात्री येऊन घेऊन जाणार असे ठरले. टेम्पो रात्रीच का येतो हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी विचारीत नाही.

ते गृहस्थ म्हणाले, ''बुवा, पोरानं तिकडं लंगडं कुत्रं घरात घेतलं. इकडं माझ्या डोळ्यादेखत लंगडा बैल टेम्पोत चढणार. माझा तो बैल नाही, मी कधी शर्यत लावली नाही. पण मी तो आणावा असं मनात येतं. घरात भांडण होईल. आता सांगा, पोरगा येडा की आम्ही?''

आम्ही त्यांना तेव्हा जे थोडक्यात बोललो तेच येथे विस्ताराने लिहितो.

प्रथम त्या कुत्र्याची हकीकत नीट समजून घेऊ. कारण दूरचा मनुष्य काही करतो तेव्हा ते श्रीमंतीचे चाळे आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. यांत्रिक सशामागे कुत्री पळवण्याचा खेळ अमेरिकेत सुरू झाला आणि १९२६ साली इंग्लंडात मँचेस्टरला आला. तेथून तो आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा पसरला. या कुत्र्याचा धावण्याचा काळ फार थोडा. दीड वर्षाचा असता तो रिंगणात उतरतो आणि चार-पाच वर्षांचा होईतो त्याचे काम संपते. आयुष्य मात्र बारा वर्षांच्या आसपासचे. म्हणजे ज्या कामासाठी त्याला जन्माला घातले ते संपल्यावर निम्म्याहून अधिक आयुष्य उरतेच. त्याचा जन्म खुराड्यासारख्या कोठडीत गेलेला असतो. घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. जिना कसा चढावा हे शिकवावे लागते. काचेचे दार दिसत नाही म्हणून तो त्यावर आपटतो. अंगावर चरबी नाही, केस तोकडे, म्हणून थंडी सोसत नाही. त्या मुलाने अंगावर घातलेला कपडा हा लाड नव्हे, गरज आहे. आणि वाऱ्यासारखा पळणारा हा प्राणी घरी आल्यावर दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढतो!

आता आपल्याकडे पाहू. विदर्भात शंकरपट, पुणे जिल्ह्यात घाटातला बैलगाडा, आणि आपल्या ठाणे-रायगडकडे छकड्याच्या बिनजोड शर्यती. बैलाला खुराक घालतात, पोळ्याला शिंगे रंगवून ओवाळतात, जिंकला तर त्याच्या नावाने गुलाल उधळतात. हे प्रेम खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ घरी बैलाच्या आजारपणात मालक गोठ्यात निजतात, हे आम्ही पाहिले आहे. या शर्यती चालू असाव्यात की नसाव्यात, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांवर बंदी आणली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम केला. परदेशातही हीच ओढाताण. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने २०१६ च्या जुलैत कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरात ते मागे घेतले. न्यूझीलंडच्या सरकारने २०२४ च्या डिसेंबरात त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले.

या वादात आम्ही आज पडत नाही. शर्यत चालू राहो की बंद होवो, एक गोष्ट दोन्हीकडे शिल्लक राहते. ज्याचा पाय मोडला तो जीव उभा असतो. चालू राहिली तर दरसाल नवे लंगडे. बंद झाली तर एकदम सर्वच निरुपयोगी. निकालपत्रात खेळाचा निवाडा असतो. त्या जिवाला संध्याकाळी कोण वैरण टाकणार, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते.

आणखी एक गोष्ट. गोवंशहत्याबंदीच्या १९७६ च्या राज्य कायद्याची दुरुस्ती २०१५ साली लागू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात बैल व वळू यांचीही कत्तल करता येत नाही. ते योग्यच झाले असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु कायदा सुरी धरणारा हात धरू शकतो. वैरण टाकणारा हात तो निर्माण करू शकत नाही. न मारणे ही अर्धी गोष्ट झाली. ज्याला मारले नाही त्याला सांभाळायचे कोणी, हे दुसरे अर्ध आपल्यावर येते. ते आपण उचलले नाही म्हणजे मग रात्रीचा टेम्पो येतो, किंवा बैल रस्त्यावर येतो.

आता पूर्वपक्ष मांडू. या बाबतीत तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप त्या माउलीचा : माणसे आधी. हा सर्वांत बळकट आहे. त्याला हसून उडवू नये. नातवाच्या दुधातून काढून बैलाला घालील तो अधर्म करील, यात शंका नाही. परंतु हा आक्षेप घेणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. बैल न आणल्याने जे पैसे वाचतील ते कोणत्या माणसाकडे जाणार आहेत? ते खरोखरी गरजू माणसाकडे जात असतील तर आक्षेप मान्य. पण ते नव्या पडद्याकडे जाणार असतील तर 'माणसे आधी' हे वाक्य माणसाच्या प्रेमातून आले नाही. ते फक्त दार लावून घेण्यासाठी आले.

आमचा अनुभव असा की ज्या घरात कुत्र्याला भाकरीचा तुकडा पडतो त्याच घरी पाहुण्याला ताक मिळते. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. वैश्वदेवानंतर श्वान, कावळे, किडामुंगी आणि समाजाने टाकलेली व रोगाने पिडलेली माणसे यांच्यासाठी अन्नाचा भाग काढावा, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आजच्या न्यायाने पाहता त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी सोडून द्याव्या लागतात. पण येथे एक बारकावा घेण्यासारखा आहे. तो भाग जमिनीवर हळूच ठेवावा, असे सांगितले आहे. भिरकावू नये. देणे तर आहेच, पण देण्याची रीतही पाहिली आहे.

दुसरा आक्षेप : ज्याने पळवले त्याने सांभाळावे, आपण का? आपण सांभाळले तर पळवणाराला सोयच झाली. तो नवा बैल आणील, आणि हा लंगडा आपल्या दारी बांधील. या आक्षेपातही सत्य आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात शर्यतींचा कारभार पाहणारी संस्थाच निवृत्त कुत्र्यांना घरे मिळवून देण्याचे काम चालवते. तेव्हा कोणी विचारील, ही दया की खेळाची साफसफाई? विचारावेच. परंतु ऋणाचा एक नियम आहे. फळात ज्याने वाटा घेतला त्याचा ऋणातही वाटा असतो. बैल पळाला तेव्हा बांधावर उभे राहून टोपी उडवली कोणी? गुलाल कोणाच्या अंगावर पडला? ज्या गावाने बैलाला आपला म्हटले, ''आमच्या गावचा नंबर आला'' म्हणून छाती फुगवली, त्या गावाने तो लंगडा झाल्याबरोबर ''तो अमक्याचा बैल'' म्हणणे हा हिशेबातला खोटेपणा आहे.

आणि ज्याने शर्यत पाहिलीच नाही त्याचे काय? त्याच्यावर ऋण नाही, हे खरे. पण मग त्याने दिलेली वैरण हे निखळ दान होते. मालकाला दोन शब्द सुनवायचे तर ते जरूर सुनवावे. आधी वैरण टाकावी, मग सुनवावे. बैलाला या दोघांच्या हिशेबातले काही कळत नाही. त्याला भूक कळते.

तिसरा आक्षेप विद्वानांचा : ज्याचे त्याचे प्रारब्ध. हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे, आणि ते नेहमी दुसऱ्याच्या दुःखाविषयीच ऐकले आहे. स्वतःची दाढ दुखू लागली की कोणी प्रारब्ध म्हणून बसत नाही, वैद्याकडे धावतो. त्या ग्रेहाऊंडाचेच पाहा. शर्यतीचे रिंगण गोल आणि कुत्री नेहमी डावीकडे वळत धावतात. वळणावर सगळा भार उजव्या अंगावर येतो, आणि म्हणून उजव्या मागच्या पायाच्या टाचेचा सांधा मोडणे ही त्या खेळातली नेहमीची दुखापत झाली आहे. आता सांगा, हे प्रारब्ध कोणी लिहिले? रिंगण आखणाराने! जे आपल्या हाताने आखले ते सटवीच्या माथी मारणे बरे नव्हे. आणि क्षणभर धरून चालू की दुखापत त्याच्या प्रारब्धाची. मग तो जीव तुमच्या दाराशी आला हे कोणाच्या प्रारब्धाचे? तेही तुमच्याच खात्यावर लिहिलेले आहे की!

आता सिद्धांत. महाभारताच्या वाचकांना एक गोष्ट सहसा जाणवत नाही. त्या अवाढव्य ग्रंथाच्या आरंभी एक कुत्रा आहे आणि अखेरीसही एक कुत्रा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते की अकल्पित भय तुझ्यावर येईल, आणि सम्राट त्या शापाने घाबरून पुरोहित शोधीत फिरतो. महाप्रास्थानिक पर्वात हस्तिनापुराहून निघालेल्या पांडवांमागे एक कुत्रा चालतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, तो चालतच राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला येथे ठेव. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, कुत्र्याला टाकले नाही.

कीर्तनात ही कथा सांगताना पुष्कळ जण शेवटावर भर देतात, की तो कुत्रा साक्षात धर्म होता. आमच्या मते भर दुसरीकडे हवा. युधिष्ठिराला तो धर्म आहे हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो रस्त्याचा कुत्रा होता. त्याने राखण केली नव्हती, शिकार आणली नव्हती. तो फक्त बरोबर आला होता. आधार धरून आलेल्याला टाकू नये, एवढेच युधिष्ठिर म्हणाला. धर्म ओळखून त्याला जवळ केले असते तर त्यात मोठेपण कसले? कुत्रा समजून जवळ केले, आणि तो धर्म निघाला. याचा अर्थ आम्ही असा घेतो की निरुपयोगी जिवाशी आपण कसे वागतो येथेच धर्माची परीक्षा आहे. उपयोगी जिवाशी बरे वागणे हा व्यवहार झाला. त्याला धर्म कशाला लागतो?

आपल्या मुंबईचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम जोराने चालवला तेव्हा पारशी मंडळी खवळून उठली आणि शहरात दंगा झाला. हिंदू व इतरही दुकाने बंद करून त्यांत सामील झाले. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ स्थापन केली. भुलेश्वर येथे ती आजही आहे. दंग्याने चार दिवस कुत्री वाचली असती. पांजरपोळीने पिढ्यान्‌पिढ्या जनावरे सांभाळली. रागाला दाणागोठा जोडला तेव्हाच त्या रागातून पुण्य झाले.

याच्या उलट चित्रही पाहा. इंग्लंडात मिक द मिलर नावाच्या ग्रेहाऊंडाने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे तिथली सर्वांत मोठी शर्यत जिंकली. त्याचे शरीर मसाला भरून ट्रिंग येथील संग्रहालयात जपून ठेवले आहे. जिंकणाऱ्याचे कातडेसुद्धा जपतात. हरणाऱ्याचा जीव कोण जपतो? जगाची रीत ही. ती आपली रीत होऊ नये एवढेच म्हणणे.

परंतु येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दयेच्या उमाळ्यात जनावर आणणे सोपे; ते मरेपर्यंत सांभाळणे अवघड. दुखावलेला बैल तीन पायांवर भार देतो, मग चांगला पायही बिघडू लागतो. एका कुशीवर फार पडला तर जखमा होतात. त्याला मऊ पेंढा, कोरडी जागा, वेळेवर कूस बदलणे, पशुवैद्याची फी हे सगळे लागते, आणि हे वर्षानुवर्षे. चार दिवस ओवाळून पाचव्या दिवशी दावे सोडणारा मनुष्य टेम्पोवाल्याहून फार बरा नाही. म्हणून आणण्यापूर्वी जागा, पैसा आणि घरची संमती या तिन्ही गोष्टी पाहाव्या. झेपत नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. त्यात लाज नाही.

आणि एकट्याला झेपत नसेल तर? येथे जुनी एक रीत आठवते. आम्ही लहानपणी पाठशाळेत असता वार लावून जेवत असू. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरांनी एक मुलगा वाढवला. कोणत्याही एका घरावर भार पडला नाही. त्या घरांना आमचा तेव्हा काडीचा उपयोग नव्हता. कशेळीच्या त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हणालो, ''बैलाला वार लावा.''

त्यांनी ते केले. बैल त्यांच्या पत्र्याच्या पडवीत आला. सात घरे ठरली. एक घर पेंढा, एक घर कडबा, एक घर वैद्याचा खर्च असे वाटून घेतले. मूळ मालकानेही एक वार घेतला, आणि तोच सर्वांत नेमाने पाळतो असे कळते. माउलीचा राग गेला की नाही हे आम्ही विचारले नाही. पण सकाळी पाण्याची बादली तीच ठेवते, असे तिचे यजमान म्हणाले.

वारावर जेवणाऱ्या मुलाकडून पुढे काही होईल अशी आशा तरी असते. लंगड्या बैलाकडून तीही नाही. म्हणून आमच्या वारापेक्षा बैलाचा वार अधिक शुद्ध आहे, असे आम्हांस वाटते. देणाराला परत काही मिळायचे नाही हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट असते.

तेव्हा जेथे जेथे छकडे पळतात तेथील मंडळींना आमची हात जोडून विनंती आहे. बक्षिसाच्या रकमेतले रुपयामागे दहा पैसे गावाने वेगळे काढावे, आणि ते फक्त निवृत्त व दुखावलेल्या बैलांच्या वैरणीला वापरावे. गुलालाच्या आधी ही थैली भरावी. ज्या गावाला हे जमत नाही त्या गावाने आपला बैल पळवण्यापूर्वी दहादा विचार करावा. ज्याची धाव आपण घेतली त्याचे बसणेही आपल्यालाच घ्यावे लागते. आणि ज्यांनी धाव पाहिलीही नाही अशा घरांतून एखादा वार निघाला, तर त्या घराने त्याचा गाजावाजा करू नये. पेंढी हळूच ठेवावी आणि आपल्या कामाला लागावे.